रेकॉर्ड धुवायची कशी: लाखेची वेगळी, विनाइलची वेगळी

रेकॉर्डला पाणी लावण्याआधी एक गोष्ट नक्की करा: ती लाखेची आहे की विनाइलची. दोन्ही काळ्या, दोन्ही गोल, दोन्हींवर तेच कुत्र्याचं लेबल असू शकतं. पण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. लाकडाला पॉलिश करणारे लाख स्पिरिटमध्ये घोळतात ते याच गुणामुळे. एलपीसाठी (मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या मोठ्या विनाइल रेकॉर्डसाठी) बनवलेलं द्रावण ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, बहुधा लाखेच्या) रेकॉर्डवर पडलं की काही सेकंदांत खाचांच्या कडा मऊ होतात, आणि गेलेला आवाज परत येत नाही.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. लाखेची रेकॉर्ड बहुधा १० इंची असते आणि तरीही १२ इंची एलपीपेक्षा हाताला जड लागते. एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं असतं. खाचा नुसत्या डोळ्यांनी सुट्या दिसतात, कारण एका मिलिमीटरमध्ये त्या जेमतेम चार असतात. एलपीत दहाच्या आसपास. कडेला नखाने टिचकी मारली तर लाखेचा आवाज टणक येतो, विनाइलचा बोदा. आणि लाखेची रेकॉर्ड वाकत नाही, म्हणून वाकवून बघायच्या भानगडीत पडू नका, ती तुटते. फक्त वेग बघून निर्णय घेऊ नका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांसाठी निघालेल्या ७८ च्या व्ही-डिस्क विनाइलच्या होत्या. शंका असेल तर रेकॉर्ड लाखेचीच समजा. लाखेचं द्रावण विनाइलला चालतं, उलट चालत नाही.

तिसरा एक प्रकार क्वचित हाती लागतो. आरशासारखी गुळगुळीत काळी तबकडी, लेबल हाताने किंवा टाइपरायटरवर लिहिलेलं, मधल्या भोकाजवळ आणखी एखादं भोक, आणि भोकाच्या कडेला चमकणारं ॲल्युमिनियम. हे थेट कापलेलं ध्वनिमुद्रण असतं, त्याची दुसरी प्रत बहुधा नसते. वरचा थर सुटा होत आलेला असतो, पाणी लागलं की पापुद्रे निघतात. हिला घरी हात लावायचा नाही. मुंबईतल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या जाणत्या संग्राहकांना विचारा, आणि आधी डिजिटल प्रत करून घ्यायची व्यवस्था पाहा.

मळ आहे की झीज?

चोर बाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरा. धूळ, बोटांचे ठसे, बुरशी पृष्ठभागावर बसलेली दिसते आणि सगळीकडे सारखी नसते. झीज मात्र खाचांच्या आत, करड्या पट्ट्यासारखी दिसते, आणि जिथे आवाज मोठा आहे तिथे जास्त. जुन्या चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स (पिन बसवलेला, आवाज काढणारा भाग) शंभर ग्रॅमच्या वर भार टाकायचा आणि पोलादी पिन दर बाजूला बदलायची असायची. बऱ्याच घरांत ती बदलली जात नसे. अशा रेकॉर्डचा करडेपणा धुऊन जात नाही. विकत घेण्याआधीच हा फरक ओळखता आला तर पैसे वाचतात.

काळ्याकुळकुळीत, फार चकचकीत दिसणाऱ्या जुन्या रेकॉर्डपासून जरा सावध. काही विक्रेते माल उठून दिसावा म्हणून खोबरेल तेल किंवा पॉलिश फिरवतात. बोट लावल्यावर ठसा उमटून राहिला तर तेल आहे. अशी रेकॉर्ड वाजवू नका. तेलात भिजलेली धूळ पिनेच्या टोकाला लगदा होऊन चिकटते.

सामान

पाणी हा सगळ्यात महत्त्वाचा घटक आहे आणि त्यातच जास्त चुका होतात. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार खाचेत राहतात आणि ते ऐकू येतात. आरओचं पाणीही पूर्ण क्षारमुक्त नसतं. एसीच्या पाइपातून टपकणारं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालणारे लोक ते इथेही सुचवतात. त्यात क्षार कमी असतात हे खरं, पण ते धुळीने आणि बुरशीने भरलेल्या कॉइलवरून आलेलं असतं. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन बॅटरीच्या किंवा गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं, म्हणून लेबल वाचून घ्या.

अल्कोहोल म्हणजे ९९ टक्के आयसोप्रोपिल. केमिकलच्या दुकानात नुसतं आयपीए म्हटलं तरी कळतं. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट आणि हँड सॅनिटायझर नको. त्यांत तेल, ग्लिसरीन, सुगंध असे मागे राहणारे पदार्थ असू शकतात.

नुसतं पाणी विनाइलवर थेंब थेंब होऊन बसतं, खाचेत उतरत नाही. त्यासाठी पाण्याचा ताण मोडणारा पदार्थ लागतो. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे ट्रायटन एक्स-१०० मिळतो. हा मधासारखा घट्ट असतो, थेंब मोजून घालायला गेलात तर दर वेळी प्रमाण वेगळं पडतं. म्हणून आधी एक टक्क्याचं द्रावण करून ठेवा: ९९ मिलि कोमट डिस्टिल्ड पाण्यात सिरिंजने १ मिलि ट्रायटन, हळू ढवळा, पूर्ण विरघळायला रात्रभर द्या. युरोपात २०२१ पासून ट्रायटनवर बंधनं आली आहेत. तिकडच्या मंडळींनी टर्जिटॉल १५-एस-९ त्याच प्रमाणात वापरावा. फिल्म धुणाऱ्यांचं फोटो-फ्लो २०० घरात असेल तर तेही चालतं, मात्र ते आधीच पातळ असल्याने थेट लिटरला ५ मिलि घाला. भांड्यांचा साबण टाळा. लिंबाचा वास, रंग आणि फेस टिकवणारे घटक खाचेतून काढता काढता नाकी नऊ येतात.

विनाइलसाठी एक लिटर: डिस्टिल्ड पाणी ७५० मिलि, आयपीए २०० मिलि, एक टक्क्याचं द्रावण ५० मिलि.

लाखेसाठी एक लिटर: डिस्टिल्ड पाणी ९५० मिलि, एक टक्क्याचं द्रावण ५० मिलि. अल्कोहोलचा थेंबही नाही.

दोन बाटल्या वेगळ्या आकाराच्या घ्या आणि वर मार्करने ठळक लिहा. सारख्या बाटल्या शेजारी ठेवल्या की कधी ना कधी अदलाबदल होतेच. आयपीए पेट घेतं, त्यामुळे मिश्रण करताना गॅस, निरांजन, अगरबत्ती जवळ नको आणि खिडकी उघडी हवी.

अल्कोहोलने विनाइल कडक होतं, असा एक जुना वाद आहे. रेकॉर्ड द्रावणात भिजत घालून ठेवायची नसते. वीस टक्के अल्कोहोल मिनिट-दोन मिनिटं लागून निघून जात असेल तर काळजीचं कारण नाही. पिन नुसती धुळीवरून फिरवल्याने होणारं नुकसान त्याहून कितीतरी मोठं असतं.

बाकी सामान: कार्बन फायबरचा कोरडा ब्रश, जलरंगाचे दोन इंची मऊ नायलॉनचे दोन चपटे ब्रश, मायक्रोफायबरची चार कापडं, १० मिलिच्या दोन सिरिंज, आणि केक सजवायचं फिरतं ताट. हे ताट साधारण २८ सेंटिमीटरचं मिळतं. एलपी ३० ची असल्याने कड बाहेर राहते आणि धरायला सोपं पडतं. ताटावर धुतलेली रबरी मॅट टाका. ज्या टर्नटेबलवर गाणी ऐकता त्यावर धुऊ नका. ब्रशचा दाब बेअरिंगवर येतो आणि पाणी मोटरपर्यंत पोचतं.

नवी कापडं आधी एकदा धुऊन घ्या. धुताना कपडे मऊ करणारं कंडिशनर अजिबात घालू नका, त्याचा थर कापडावरून थेट रेकॉर्डवर येतो.

एलपी आणि ईपी (४५ च्या लहान विनाइल रेकॉर्ड)

पंखा बंद. हे विसरलं जातं, आणि मग ओल्या रेकॉर्डवर घरभरची धूळ येऊन बसते. हात साबणाने धुऊन कोरडे करा. रेकॉर्ड कडेने आणि लेबलने धरा, खाचांना बोट लावू नका.

आधी कोरडा ब्रश. रेकॉर्ड फिरवत ब्रश अलगद टेकवा आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर हळूच कडेबाहेर ओढा. सुटी धूळ आधी काढली नाही तर ओलं केल्यावर तिचा चिखल होतो.

लेबलवर पाणी नको. एलपीच्या लेबलचा व्यास १० सेंटिमीटर असतो. त्याहून थोडं मोठं, पण खाचांवर न येणारं डब्याचं झाकण उपडं ठेवून हाताने दाबलं तरी पुरतं. जुन्या लाल लेबलांचा रंग सुटतो, आणि ओल्या बोटाने पुसलं तर अक्षरंही जातात.

सिरिंजने ८ ते १० मिलि द्रावण खाचांवर गोल फिरवत सोडा. ब्रश उभा धरून, टेकेल इतक्याच दाबाने, खाचांच्या दिशेने फिरवा: दहा फेऱ्या एका बाजूने, दहा उलट. आडवा ब्रश कधीच नाही. मिनिटभर थांबा, पण सुकू देऊ नका. उन्हाळ्यात नागपूर-संभाजीनगरकडे द्रावण बघता बघता उडून जातं, तिथे अर्ध्या मिनिटातच पुढे जा किंवा आणखी २ मिलि सोडा.

इथून पुढचं काम मात्र घाईने उरकू नका. घाण सोडवायला फार काही लागत नाही, कुठलंही बरं द्रावण ती सोडवतं. सुटलेली घाण रेकॉर्डवरून उचलली गेली की तिथेच सुकून परत खाचेत बसली, यावर सगळा निकाल ठरतो. मायक्रोफायबरचं कापड चौपदरी करून द्रावणावर ठेवा, दोन-तीन सेकंद नुसतं शोषू द्या, मग खाचांच्या दिशेने एक चतुर्थांश फेरी ओढा आणि उचला. कापडाची घडी बदला, कोरडी बाजू वर घ्या, पुन्हा तेच. घासून पुसलं की मळ खाचांच्या तळाशी दाबला जातो. कापडावर पहिल्या घडीला राखाडी-तपकिरी डाग येईल, पुढच्या घड्यांना कमी होत जाईल.

आता खळबळणं. दुसऱ्या सिरिंजने १० मिलि नुसतं डिस्टिल्ड पाणी, दुसरा ब्रश, पाच फेऱ्या, आणि वेगळ्या कापडाने त्याच पद्धतीने उचला. मग आणखी एकदा १० मिलि. दोनदा खळबळायचं, एकदा नाही. ट्रायटनचा अंश राहिला तर सुकल्यावर त्याची पातळ चिकट फिल्म होते. या हिशेबाने एका एलपीला दोन्ही बाजू मिळून २० मिलि द्रावण आणि ४० मिलि पाणी लागतं. लिटरभर द्रावणात पन्नास एलपी होतात, पण पाणी पंचवीसमध्येच संपतं, तेव्हा पाणी जास्त आणून ठेवा.

बाजू उलटण्याआधी मॅट पुसून घ्या. नाहीतर धुतलेली बाजू मळक्या मॅटवर पडते.

दोन्ही बाजू झाल्या की रेकॉर्ड भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी करा, फक्त कडेवर टेकेल अशी. कोरड्या हवेत अर्धा तास पुरतो. पावसाळ्यात दीड-दोन तास थांबा. उन्हात नको, गरम हवेचा ड्रायरही नको. विनाइल साठ-सत्तर अंशांवर मऊ पडतं आणि मे महिन्यात बंद गाडीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर तेवढं तापमान सहज गाठलं जातं. द्रावणही कोमटच वापरा, पस्तीस अंशांपर्यंत.

७८ च्या रेकॉर्ड्स

लाखेच्या रेकॉर्डमध्ये लाख असते तिसऱ्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही कमी. उरलेली दगडाची भुकटी, काजळी आणि थोडे धागे. पाण्याने लाखेचं काही बिघडत नाही, बिघडतं ते या भरावाचं. पाणी मुरलं की तो फुगतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. म्हणून पाणी थोडं आणि थोडा वेळ.

आधी तडा शोधा. उजेडाकडे धरून केसाएवढी रेघ दिसते का बघा, आणि रेकॉर्ड मधल्या भोकात बोट घालून लोंबती धरून हलकी टिचकी मारा. अखंड रेकॉर्ड स्वच्छ वाजते, तडकलेली घरघरते. तडा असेल तर ओलं करू नका, कोरडा ब्रश एवढाच उपाय. कोलंबियाच्या काही रेकॉर्ड्सच्या आत भरड गाभा, त्यावर कागद आणि वर बारीक लाखेचा थर असे पदर आहेत. त्यांच्या कडेला टवका उडाला असेल तर तिथून पाणी थेट कागदात जातं.

अखंड असेल तर द्रावण ओतायचं नाही. ब्रश बुडवून निथळून घ्या. एका बाजूला ५ मिलि पुरे. खाचा रुंद असल्याने इथे अगदी मऊ नवा टूथब्रशही चालतो, एलपीवर मात्र तो कधीच नाही. वीस-तीस सेकंद फिरवा, लगेच उचला, ५ मिलि पाण्याने एकदाच खळबळा, लगेच कोरडी करा. एक बाजू दीड-दोन मिनिटांत संपली पाहिजे. लेबल लहान असतं, साधारण साडेसात-आठ सेंटिमीटर, तेव्हा झाकण मोजून निवडा. लेबल आधीच गेलेलं असेल तर लेबलच्या कडेला उठवलेले मॅट्रिक्सचे (साच्याचे) आकडे तपासा. रेकॉर्ड कुठली ते त्यावरून शोधता येतं.

पहिल्या धुण्यात कापड काळं होईल. थोडा काळेपणा काजळीचा आणि पिनेने उगाळलेल्या भुकटीचा असतो, तो येणारच. पण तिसऱ्या घडीलाही गडद काळं येत राहिलं आणि पृष्ठभाग चिकट लागला तर थांबा: बाटली चुकली आहे.

बुरशी

मुंबई, कोकण, गोवा इथे रेकॉर्ड धुण्याचं मुख्य कारण धूळ नसतंच, बुरशी असते. पांढरे ठिपके, त्यातून पसरलेले बारीक तंतू, आणि कव्हर उघडताच येणारा कोंदट वास. बुरशी वाढते कागदी इनरवर (रेकॉर्डच्या आतल्या पाकिटावर), पुठ्ठ्यावर, लेबलच्या खळीवर आणि बोटांच्या ठशांच्या तेलावर. रेकॉर्डवर ती तिथून येते. त्यामुळे रेकॉर्ड धुऊन त्याच इनरमध्ये परत ठेवली तर पुढच्या श्रावणात तेच ठिपके.

काम गॅलरीत किंवा अंगणात करा, एन-९५ मास्क लावा आणि ती कापडं बाकीच्यांत मिसळू नका. कोरडा ब्रश घरात फिरवला तर बीजाणू सगळ्या संग्रहावर उडतात. वरच्या पद्धतीने लागोपाठ दोनदा धुवा. बुरशी मारायला जास्त कडक अल्कोहोल लागतं असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात ती खाचेतून निघणं महत्त्वाचं, मेलेली बुरशी आत राहिली तरी खरखर तेवढीच करते. लाखेवर बुरशीने पृष्ठभाग खाल्लेला असतो, तिथे धुतल्यावर ठिपक्यांच्या जागी मंद डाग राहतात आणि थोडा आवाजही राहतो.

कागदी इनर फेकून द्या. पुठ्ठ्याचं कव्हर कोरड्या कापडाने बाहेर पुसा, उघडं करून सकाळच्या उन्हात अर्धा तास ठेवा. जास्त वेळ ठेवलं तर छपाई फिकी पडते. नवं इनर पॉलिथिनचं घ्या. पीव्हीसीची जाड, वासाची, चिकटणारी पाकिटं वापरू नका. त्यातला मऊ करणारा पदार्थ रेकॉर्डवर उतरतो आणि विनाइलवर धुक्यासारखा डाग पडतो, तो कशानेच जात नाही.

कपाटात डांबराच्या गोळ्या किंवा कापूर ठेवायची सवय असते. रेकॉर्डच्या कपाटात नको, त्यांची वाफ प्लास्टिकवर बसते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की तापवून कोरड्या करा. साधा आर्द्रतामापक आत लटकवा, ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर ठीक. जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर जात असेल तर पुड्यांनी भागत नाही, त्या खोलीत डीह्युमिडिफायर लागतो. रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर, कारण ओल भिंतीतून येते.

इतर उपाय

लाकडाचा पांढरा गोंद ओतून सुकल्यावर सोलायचा, हा इंटरनेटवरचा आवडता प्रयोग. विनाइलवर तो कधी कधी फार छान निघतो. कधी कधी तुकड्यांत तुटतो आणि खाचेत अडकलेला कण काढताना रेकॉर्ड जाते. आपल्याकडचा गोंद सुकल्यावर बराच ठिसूळ होतो, त्यामुळे हा धोका जास्त. लाखेवर तर करूच नका. सोलताना ती तुटेल.

अल्ट्रासॉनिक टबचं काम चांगलं होतं, पाणी तीस-पस्तीस अंशांखाली ठेवलं आणि रेकॉर्ड हळू फिरत राहिली तर. शंभरेक एलपी असतील तर खर्चाचा विचार करण्यासारखा आहे. तडकलेली किंवा पदर सुटलेली ७८ त्यात घालू नका.

धुतल्यावर वाजवताना

रेकॉर्ड पूर्ण कोरडी हवी. ओलसर वाजवली तर गाणं तेवढ्यापुरतं गुळगुळीत ऐकू येतं, पण उरलेला मळ पिनेने खाचेत थापला जातो आणि पुढच्या वेळी आवाज दुप्पट खराब. पहिल्यांदा वाजवताना पिनेच्या टोकाला राखाडी लव जमेल, ती ब्रशने मागून पुढे काढा. पुढून मागे किंवा आडवी कधीच नाही.

काय राहिलं ते कानाने शोधता येतं. सगळीकडे सारखी बारीक चरचर असेल तर द्रावणाचा अंश राहिला आहे. फक्त पाण्याने आणखी दोनदा खळबळा, द्रावण परत लावू नका. अनियमित टकटक आणि कार्बनच्या ब्रशला चटका असेल तर स्थिर वीज, कोरड्या हवेतला प्रकार. ठरलेल्या अंतराने येणारी टिक म्हणजे चरा: ३३⅓ वर दर १.८ सेकंदांनी, ४५ वर १.३३, ७८ वर ०.७७. ती धुऊन जाणार नाही. पण अंतर तंतोतंत असूनही भिंगातून चरा दिसत नसेल तर खाचेत एखादा चिकट कण बसलेला असतो. त्या जागी द्रावणाचे दोन थेंब टाकून दोन मिनिटं थांबा, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने चार-पाचदा फिरवा, पाण्याने खळबळा आणि पुन्हा वाजवून बघा. लाखेच्या रेकॉर्डवर हेच अर्ध्या मिनिटात.